पांढरी वायर

"बाबा, दाबून धरा. हलवू नका."

बाबांनी कॅसेट दोन्ही तळहातांत गच्च धरली. मी तिची झडप उचलून आतल्या पट्टीवरची बुरशी स्पिरिटच्या कापसाने टिपू लागले. कपाटाच्या माथ्यावर एका बॅगेत वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर दुसरं काय होणार? पांढरी पूड निघत होती आणि बाबा ती फुंकून उडवता येत नाही म्हणून चिडून रुमालाने झटकत होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य घाऊक भाजी बाजारात लिलाव पुकारण्यात गेलं. तिथे त्यांना नावाने कोणी ओळखत नसे, सगळे ‘भोंगा’च म्हणत. त्यांनी कोबीच्या ढिगावर चढून आवाज दिला की पार फाटकापाशी गाडी उतरवणारे हमाल मान वर करून बघत, असं ऐकून आहे. ऐकूनच आहे, कारण माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. मी या घरात आले तेव्हापासून ते गळ्याच्या छिद्रावर पातळ रुमाल बांधतात आणि लिलावातल्या खुणांनी घर चालवतात. अंगठा वर म्हणजे वाढवा, मग ती भाजी असो की चहातली साखर. तळहात आडवा म्हणजे पटलं नाही. आणि मूठ मिटली की सौदा संपला, पुढे बोलायची कोणाची बिशाद नाही. उरलेलं ओठ हलवून सांगतात. ते ओठ वाचायला मी नवऱ्याच्या आधी शिकले. तो अजूनही "काय? काय म्हणताय?" करत बसतो आणि शेवटी हताश होऊन आईंकडे बघतो.

कॅसेटी दोनच होत्या. मुलं लहान असताना बाबांनी एका व्यापाऱ्याकडून खांद्यावर ठेवायचा जुना कॅमेरा घेतला होता, आणि तो त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती म्हणून दिला नाही. आता त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या हे माझ्या डोक्यातलं खूळ. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने त्याचा व्हीसीआर वापरायला दिला आणि दोन वायरी समजावून सांगितल्या. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. दोन्ही एका बोटभर डबीत खोचायच्या आणि डबी कॉम्प्युटरमध्ये. घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, मग तुमचा कॉम्प्युटर कितीही महागाचा असो.

पहिली कॅसेट रविवारी लावली. बटण दाबायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि मशीनला अगदी चिकटून बसले होते. आधी पडद्यावर नुसती मुंग्यांची गर्दी होती. मग ती फाटली आणि आतून एक अंगण आलं, दोरीवरचे कपडे आले, आणि कपड्यांखालून वाकून एक मुलगा धावत आला. त्याच्या गुडघ्याला खरचटलेलं होतं. मी सोफ्यावर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तोच कपाळावरचा भोवरा, तीच डावीकडे झुकणारी मान. एवढ्याशा तपकिरी फितीत, बुरशीखाली, अंधारात, हे पोर इतकी वर्षं धावत होतं, याचं मला इतकं नवल वाटलं की चहा हातातच निवला. कॉम्प्युटरशी माझा रोजचा संबंध आहे, मी त्यावर चार दुकानांचे हिशेब लिहिते. पण त्या दिवशी त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

"मी किती वाळका होतो," नवरा म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "आपण सगळे आहोत. बाबाच कुठे नाहीत."

"ते कसे असतील?" आई म्हणाल्या. "कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर." त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "पण आवाज कुठे गेला? यात आवाज होता. सबंध वेळ ह्यांचाच आवाज होता."

मी मागे वाकून बघितलं तर पांढरी वायर डबीतून निसटून लोंबत होती. मलाच मेलीला नीट खोचता आली नाही असं वाटलं. काही बिघडलं नव्हतं, कॅसेट मागे घ्यायची आणि पुन्हा लावायची. पण मागे घेताना व्हीसीआरने आतल्या आत ती अशी चावली की बाहेर काढली तेव्हा फितीची झालर झाली होती. दुरुस्तीवाल्याने ती उलटीपालटी करून बघितली आणि टेबलावर ठेवून दिली.

"गेली ही. दुसरी लावाल तेव्हा एकदा सुरू झाली की मध्ये थांबवू नका, मागे घेऊ नका. फीत पार कुजलीय. एकदा जाईल पुढे, तेवढीच."

म्हणजे बाबांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, तोही एका फेरीपुरता. रात्री आई नुसत्या ताटात बोट फिरवत बसल्या. बाबा जेवून लवकर उठले.

दुसरी कॅसेट आज लावली, हिच्यात फीत जेमतेम दहा मिनिटांची होती. नवरा कामावर गेला होता. मी पांढरी वायर दोनदा ओढून बघितली, हलेना. बाबांनी बटण दाबलं. मुंग्या, मग एक खिडकी, मग कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली आवाजाची हिरवी पट्टी टुणकन उडाली आणि खोलीत एक माणूस बोलला.

"लागला का गं लाल दिवा? बघ बरं, लाल—"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. पाण्याच्या बिलाचा माणूस. त्याला वाटेला लावून मी धावत परत आले तर खोली चिडीचूप. पडद्यावर चित्र चालू होतं, हिरवी पट्टी आडवी पडली होती, आणि पांढरी वायर बाबांच्या मुठीत होती.

चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा त्यांचा होत नाही, तो आणखी ताठ होतो.

"बाबा, रविवारीही तुम्हीच काढली होती?"

त्यांनी मान हलवली. हो.

"पण का? हा शेवटचा आहे. थांबवता पण येणार नाही, तुम्ही ऐकलंत ना तो काय म्हणाला ते."

त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ मिटून माझ्यासमोर धरली. सौदा संपला. एरवी मी तिथेच गप्प झाले असते. पण पडद्यावर माझी नणंद, चारेक वर्षांची, कॅमेऱ्याकडे बघून खदाखदा हसत होती, कोणीतरी तिला काहीतरी सांगत होतं म्हणूनच हसत होती, आणि ते काय, ते आता कोणाला कधीच कळणार नव्हतं. एकेक क्षण मुका होऊन कॉम्प्युटरात जात होता.

"मूठ नका दाखवू मला. कारण सांगा."

त्यांचे ओठ सावकाश हलले. मला वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "तो आला, की मी संपलो."

बारा वर्षं या माणसाने चुटक्या वाजवून, टाळ्या वाजवून, टेबल ठोकून स्वतःसाठी घरात जागा केली होती. आम्हालाही त्याची सवय झाली होती. आता मी तो भोंगा आणून मधोमध बसवणार, आणि मग सगळे त्याच्याकडे माना वळवणार. त्यांची भीती खोटी नव्हती.

"तुमचाच होता ना आत्ता?"

आई दारात उभ्या होत्या. हात ओले, पदर खोचलेला. त्या स्वयंपाकघरातून पळत आल्या असाव्यात, धाप लागली होती. त्यांनी वायर बघितली, मूठ बघितली आणि त्यांना सगळं समजलं. चाळीस वर्षांचा संसार आहे.

"अहो, मी विसरले," त्या म्हणाल्या.

बाबांनी भुवई उचलली.

"तुमचा आवाज. विसरले मी. तुम्ही रोज समोर असता, म्हणून कधी विसरले तेच कळलं नाही. गेल्या वर्षी आजारी पडले होते ना, तेव्हा पडल्या पडल्या आठवायला गेले. तुम्ही मला हाक कशी मारायचात ते. शब्द आठवतात, आवाज नाही. कोणाला सांगू? पोरांना सांगितलं तर म्हणतील, बाई बघा, नवरा शेजारी बसलाय आणि ही त्याला विसरली." त्यांनी पदराने हात पुसले, कोरडे झाले तरी पुसत राहिल्या. "तो माणूस मला परत नकोय. त्याच्याशी नांदून झालं माझं. बारा वर्षं मी तुमच्याशी बोलतेय, तुमच्याशीच भांडतेय. मला फक्त एकदा ऐकायचंय. नसेल द्यायचं तर राहू द्या, मी आत जाते. मला लाज वाटते मागायला."

पडद्यावर नणंद उठून कुठेतरी निघून गेली. नुसतं एक रिकामं स्टूल दिसत राहिलं.

बाबा वाकले. वायरचं टोक दोनदा भोकाच्या बाजूला आपटलं. मी मदतीला गेले नाही. मग टक् झालं.

"—मंडळी, माल बघून घ्या!"

मी दचकले. हिरवी पट्टी लालपर्यंत गेली. माझ्या त्या दोन स्वस्त स्पीकरांतून जो आवाज बाहेर पडला तो खोलीत मावेना. खिडकीची काच थरथरली म्हटलं तर कोणाला पटणार नाही, पण मी ऐकली. खरखरीत, भरलेला, वरच्या टोकाला किंचित फाटणारा, आणि त्याच्या तळाशी सतत एक हसू. ह्याच माणसाला मी इतकी वर्षं औषधं देत होते. आणि मला ह्याची सुतराम कल्पना नव्हती.

रिकाम्या स्टुलावर माझा नवरा चढला.

"नग एक. वय वर्षं सात. पुढचे दोन दात गळालेत, बाकी माल टणक. खायला काहीही चालतं, कामाला काही चालत नाही. बोला, कोण बोलतंय?"

"मी पेन्सिल देते!" हा नणंदेचा आवाज.

"पेन्सिल! अहो, निदान टोक केलेली तरी द्या. घरचं पोरगं आहे."

मी हसले. आईंकडे बघितलं तर त्या हसत नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली होती आणि पडद्याकडे पाठ करून बाबांच्या समोर बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. मग मला दिसलं.

बाबांचे ओठ हलत होते. एकही शब्द चुकत नव्हता. श्वास घ्यायला आवाज जिथे थांबे तिथे त्यांच्या गळ्यावरचा रुमाल आत जाई, आणि आवाज उठला की छाती उठे. कॅसेट त्यांनी तीस वर्षांत बघितलेली नव्हती. तरी सगळं जसंच्या तसं आत होतं. आवाज माझ्या मागच्या टेबलावरून येत होता आणि मला शपथेवर विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की तो बाबांच्या तोंडातून येतोय.

पडद्यावर कॅमेरा भर्रकन वळला. दारात एक तरुण बाई, हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग.

"माझ्यावर नका धरू हो," ती म्हणाली आणि कपड्यांनी तोंड झाकून घेतलं.

आवाज एकदम खाली आला. बाजारात तो कोणी असा ऐकला नसेल.

"आता हा नग. याचा पुकारा करायचा नाही. ज्याने घेतला त्याने पहिल्याच बोलीला घेतला, आणि अजून त्याला खरं वाटत नाही."

"कोणी कोणाला घेतलं ते सांगू का?" कपड्यांमागून ती बाई म्हणाली.

आवाज मोठ्याने हसला. बाबांचे खांदे हलले. आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसायला पापणी मिटावी लागली असती.

"बरं बाई, तुम्हीच घेतलं. मंडळी, भोंगा विकला गेला. भोंगा एक वार," आवाज म्हणाला, ओठ म्हणाले, "भोंगा दोन वार—"

आणि कॅसेट संपली. पडदा निळा झाला, हिरवी पट्टी आडवी पडली, मशीन आतल्या आत कुरकुरून थांबलं. मी बटणाकडे हात नेला आणि तसाच धरला.

बाबांचे ओठ थांबले नव्हते. त्यांनी आईंकडे बघत, रुमाल आत ओढून पुरता श्वास घेतला आणि उरलेलं म्हणून टाकलं.

"हं," आई म्हणाल्या. "ऐकू आलं."