ऋतुजाच्या कानावरचा हेडफोन

मित्रांनो, सोलापुरात सात रस्त्याजवळ जर्मन भाषेचा एक क्लास आहे. तिथल्या संगणकाला लावलेला मी एक जुना हेडफोन. कारखान्यातून खोक्यात बसून इथे आलो, तेव्हा माझे दोन्ही स्पंज मऊ होते आणि माईकची दांडी ताठ होती. प्रभा मॅडमनी मला उंच धरून मुलींना सांगितलं, "आता यंत्रातली कृत्रिम बुद्धी तुमच्याशी जर्मनमध्ये बोलेल. चुकलात तर सांगेल, आणि कधी कंटाळणार नाही."

मुली नर्सिंग शिकलेल्या, जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी धरू पाहणाऱ्या. त्यांतली ऋतुजा केम गावाहून रेल्वेने यायची. सुरुवातीला एकदा ती वर्गात उभी राहून बोलली, तर तिच्या उच्चाराला मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हापासून तिने मला धरलं ते धरलंच.

"मॅडम, मी हेडफोनवरच बोलते की," ती म्हणायची. मॅडमही हो म्हणायच्या.

तिच्या केसांच्या तेलाचा वास माझ्या स्पंजात मुरला. यंत्र तिला शाबासकी द्यायचं आणि मी इथे फुगायचो. बोलण्याच्या तासाला मॅडम खुर्चीत बसून पेपर तपासू लागल्या. त्या कधी काही बोलल्याच, तर ते ऋतुजाच्या कानापर्यंत मी पोहोचू देत नव्हतो.

मग मुलाखत आली. पडद्यावर जर्मनीतल्या दवाखान्याच्या एक बाई होत्या. त्यांनी हेडफोन काढून बोलायला सांगितलं. मी टेबलावर पडून ऐकत होतो.

"एखादे आजोबा अंघोळीला नकोच म्हणाले, तर काय कराल?" बाईंनी विचारलं.

याचं उत्तर ऋतुजाने माझ्या माईकमध्ये कितीदा तरी दिलं होतं. पण बाई उत्तराची वाट बघत, कपाळाला आठी घालून तिच्याकडे पाहत राहिल्या. ऋतुजाची मान खाली गेली, ती पुन्हा वर आलीच नाही. मुलाखत तिथेच संपली.

"मला सगळं येत हुतं वो मॅडम," ती रडत म्हणाली. "पण त्या बाई नुसत्या बघत बसल्या की. मशीन आसं बघत न्हाय."

मॅडमचा चेहरा पडला. बराच वेळ त्यांना तिच्याकडे पाहवेना. "लाज तुला नको वाटायला गं, ती मला वाटायला हवी," त्या म्हणाल्या. "तुला यंत्राच्या हवाली करून मी निवांत बसले."

मित्रांनो, मलाही तोंड लपवावंसं वाटलं, पण हेडफोनला तोंड कुठलं!

दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. आधी थोडा वेळ यंत्राशी सराव, मग मला काढून मॅडमशी बोलणं. मॅडम हट्टी आजोबा झाल्या. ओढणी डोक्यावरून ओढून कुरकुरू लागल्या, मध्येच तिचं बोलणं तोडू लागल्या, मुद्दाम आठ्या घालू लागल्या. ऋतुजा आधी अडखळली, मग तिला हसू फुटलं. "चादर द्या आजोबा," असं ती जर्मनमध्ये म्हणाली.

"चादरीच्या जर्मन शब्दाआधी नपुंसकलिंगी 'दास' नाही, स्त्रीलिंगी 'डी' लावायचं," मॅडमनी चूक काढली आणि लगेच घुटमळल्या. "थांब. माझीच खात्री नाही. विचारू या यंत्राला."

यंत्राने ऋतुजाचंच बरोबर ठरवलं. सगळ्या वर्गासमोर मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"व्हय मॅडम, तुमी पण चुकता?" ऋतुजाने डोळे मोठे करून विचारलं.

"चुकते की. म्हणून काय गप्प बसू?"

मागून कुणीतरी हसलं होतं, त्यानंतर त्या दिवशी ऋतुजा पहिल्यांदा वर्गाकडे तोंड करून बोलली.

पुढच्या मुलाखतीला त्याच बाई होत्या. कपाळावरची आठीही तीच. ऋतुजाला प्रश्न नीट कळला नाही, तेव्हा "पुन्हा एकदा, जरा हळू," असं तिने मान वर ठेवून सांगितलं. उत्तर देताना ती दोनदा चुकली, पण थांबली नाही. तिची निवड झाली.

आता माझा डावा स्पंज गळून पडला आहे, वायरला चिकटपट्टी लागली आहे. तरी नव्या मुली सरावाला मला घेतात. मित्रांनो, माझी वायर हिसकू नका, मला जपून वापरा. पण समोर कुणी बोलायला येऊन बसलं, की मला काढून ठेवा. टेबलावर पडून राहायची मला आता लाज वाटत नाही.