दुसरा ठोका

सकाळी कामावर निघण्याआधी दाबलेल्या लोकरीचा, नमद्याचा तो गोळा ड्रमच्या पडद्याला टेकून तसाच राहिलेला तिला दिसला, आणि ती वाकून बघतच बसली. लिंबाएवढा, करडा, एका बाजूने झिजलेला. पेडल दाबलं की बेस ड्रमवर आपटायचं आणि लगेच मागे यायचं, एवढंच त्याचं काम. पण तिच्या पायाखाली तो एकदा गेला की तिथेच मुक्काम ठोकायचा, आणि पुढच्या ठोक्याला उशीर व्हायचा.

“तुम्ही ठोका मारत नाही, धरून ठेवता,” काल ड्रम शिकवणारे सर म्हणाले होते. सर तिच्या मुलीच्या वयाचे. “पाय उचलायच्या भानगडीत पडू नका. नुसता सोडा. स्प्रिंग आणेल त्याला वर. वेग त्यातूनच येतो.”

नुसता सोडा! अठरा वर्षं बस चालवणाऱ्या बाईला हे सांगायचं...

डेपोतल्या लोकांचा बँड शनिवारी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होता. दुसऱ्या गाण्यात बेस ड्रमचे लागोपाठ दोन जलद ठोके होते, आणि तिथेच ती दर वेळी मागे पडायची. तिच्याच बसचा कंडक्टर बँडमध्ये गायचा, तो अगदी मऊ आवाजात म्हणाला होता, “बाई, नाहीच जमलं तर तेवढ्यापुरतं ड्रमचं मशीन लावू. राग मानू नका हं.” तिने मानला होता. पण आज सकाळपासून रागापेक्षा वेगळंच काहीतरी मागे लागलं होतं – हा पाय नक्की करतो तरी काय? प्रत्येक स्टॉपवर ती त्याच्यावर पाळत ठेवून होती. ब्रेक दाबताना पोटरी दगडासारखी व्हायची, ते ठीक. पण बस थांबल्यावर, माणसं चढून बसल्यावरसुद्धा ती दगडच. कमाल आहे. इतकी वर्षं माझाच पाय, आणि मला पत्ता नाही.

दुपारी मुलगी गाडी घेऊन न्यायला आली. लायसन्स नवंकोरं, हात आत्मविश्वासाने भरलेले. पहिल्याच चौकात मुलगी हसली.

“आई, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये.”

“माहितीये गं.”

“मग मॅटला भोक कशाला पाडतेयस?”

तीही हसली, पण पाय तिथेच रुतलेला – आणि काही महिन्यांपूर्वीचं, बस चालवतानाचं उतारावरचं ते वळण आलं डोळ्यांसमोर, तो सायकलवाला, एकदम पुढ्यात... बस थांबली ती त्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. तो धडपडला, उठला, शिव्या देत निघून गेला. आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र जागची हलले नाही. पाय ब्रेकवरून निघेना. शेवटी कंडक्टरने हँडब्रेक ओढला, खाली वाकून माझा घोटा धरला आणि हळूच म्हणाला, “बाई, गेला तो. सोडा आता.” सगळे म्हणतात, काय ब्रेक दाबला बाईंनी! पण दाबल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते फक्त न सोडणं.

घरी आल्यावर तिने कपडेसुद्धा बदलले नाहीत. मागच्या खोलीत, जुन्या गाद्या लावलेल्या भिंतीपाशी, अनवाणी पाय पेडलवर ठेवला आणि डॉक्टर तपासतो तसा एक हात पोटरीवर ठेवला. टाच खाली ठेवून – धप्प. टाच उचलून – मांडीच भरून आली. मग अगदी सावकाश, एकेक ठोका. वेग नको, ठोका पडल्यापडल्या पोटरी सैल होते का, एवढंच बघायचं. नाही. नाही. थोडीशी. पुन्हा नाही. घाम आला, पण कंटाळा येईना; आपल्याच घरात एखादी न उघडलेली खोली सापडावी तसं झालं होतं.

आणि एकदा काय झालं – पोटरी तिच्या तळहाताखाली पाण्यासारखी हलली, पेडलनेच तळव्याला वर ढकललं, पाऊल जरासं पुढे घसरलं, आणि धप-धप. दोन.

तिने वाकून पायाकडे बघितलं. दुसरा तिने मारलाच नव्हता.

“आई!” आतून मुलीची हाक आली. “ते आत्ताचं मस्त होतं! काय केलंस?”

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि घाबरायला झालं नाही याचंच तिला नवल वाटलं. तिने पुन्हा करून पाहिलं. धप्प. एकच. “थांब जरा,” ती पुटपुटली, मुलीला की पायाला कोण जाणे, आणि कान देऊन ऐकू लागली.