एका बटणासाठी ‘ला गालातेआ’त

एका बटणापायी नोएमीची अर्ध्या दिवसाची रजा चालली होती, आणि ते बटण काही मिळत नव्हतं.

"आई, असली बटणं बाजारात ढिगाने मिळतात," तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"असली नाही मिळत. तुला काय कळतंय बटणातलं?" तिची आई दोन्या क्लोतिल्दे म्हणाली आणि निळा झगा काखेत मारून ‘ला गालातेआ’च्या पायऱ्या चढू लागली.

वेराक्रूझच्या बंदरामागच्या गल्लीतलं हे चार मजली दुकान म्हणजे नोएमीच्या डोक्याला ताप. इथे माल एकाने दाखवायचा, चिठ्ठी दुसऱ्याने लिहायची, पैसे तिसऱ्या खिडकीवर भरायचे आणि पुडकं चौथीकडून घ्यायचं. त्यात बटणांचा विभाग तळमजल्यावरून उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलेला, आणि लिफ्ट बंद. सत्तरीची आई दर वळणावर गुडघा धरून थांबायची, वर तिथल्या चादरींना नावं ठेवायची. नोएमीचा घामाने लगदा झाला होता.

वर काउंटरमागे सेन्योरीता आउरेलिया उभी होती. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात मोजपट्टी.

"काय हवंय आपल्याला?"

"या झग्याला एक बटण," आई म्हणाली.

"एक सुटं मिळत नाही, बाई. डझनभर बटणं टाचलेलं अख्खं पान घ्यावं लागतं."

"मला एकच हवंय."

"मग तुम्ही चुकीच्या दुकानात आलात."

"या दुकानात मी तुमच्याआधी दोन महिने नोकरीला लागले होते. मला नियम नका शिकवू!"

नोएमी बघतच राहिली. लग्नाआधी आई कुठल्याशा दुकानात नोकरी करायची एवढंच तिला ठाऊक होतं. पण विचारत बसायला वेळ नव्हता. "द्या हो एक डझन," ती म्हणाली. "दोन डझन द्या. पण द्या."

आउरेलियाने चष्मा चढवून झगा उजेडात धरला.

"बटण तुटलेलं नाही हे. दोरा कात्रीने कापलाय."

"आई?"

आई छताचा पंखा निरखत होती. पंख्याकडेच बघत म्हणाली, "शनिवारी तुम्ही निवृत्त होताय, असं ऐकलं."

"म्हणून चांगल्या झग्याचं बटण कापलं?"

"मग काय फुलं घेऊन येऊ? तू माझ्या लग्नाला तोंडसुद्धा दाखवलं नाहीस!"

‘तू’ ऐकताच आउरेलियाचा हात जागीच थांबला.

"बोलावलंस कुठे?" तिचा आवाज एकदम तरुण पोरीसारखा चिडका झाला.

"एवारिस्तोच्या हाती पत्रिका पाठवली होती!"

"तुझ्या भावाच्या? अगं, तो स्वतःची टोपी चर्चमध्ये विसरून यायचा! मला एक कागद दिला नाही त्याने."

"त्रेचाळीस वर्षं!" नोएमीने कपाळावर हात मारला. "एका वेंधळ्या मामापायी त्रेचाळीस वर्षं! एकीला तरी विचारता आलं नाही?"

"तू मध्ये बोलू नकोस," दोघी एकदमच म्हणाल्या.

आउरेलियाने मोजपट्टी काढून ठेवली, शेजारच्या काउंटरवरच्या बाईला "जरा बघ गं" म्हणाली आणि ताठ मानेने जिना उतरू लागली. आई तिच्यामागे. नोएमीने खालच्या फोनवरून कचेरीत कळवलं, आज येणं होत नाही. साहेब काय बोलले ते तिने आईला सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही.

कमानींखालच्या कॉफीगृहात आईने तिथल्या रीतीप्रमाणे चमच्याने पेला वाजवून कॉफीत दूध ओतणाऱ्या वेटरला बोलावलं. एवारिस्तो विसराळू होता की नुसता मूर्ख, यावर दोघींची तासभर जुंपली. मग आउरेलिया पेल्यात बघत म्हणाली, "मी आले होते त्या दिवशी. चर्चसमोरच्या झाडाखाली उभी होते. तुला बाहेर पडताना पाहिलं."

आईचा चमचा हातातच राहिला. "कशी दिसत होते?"

"छान. पण बाह्या भयंकर होत्या."

आई हसली, मग रुमाल शोधू लागली. तो डोळ्यांना लावता लावताच उसळून म्हणाली, "मग आत का नाही आलीस, गाढवे?"

"बोलावलं नव्हतंस ना!"

"पाठवली होती पत्रिका! एवारिस्तोच्या हाती!"

नोएमीने डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आणखी एक कॉफी मागवली.