श्रीखंडाचं वाक्य

सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "ऋता, ये, एक गंमत दाखवतो." संगणकावर मराठी अक्षरं नीट उमटावीत म्हणून ते निवृत्तीनंतर कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या ओपन-सोर्स प्रकल्पांत हौसेने काम करत.

"नंतर रे बाबा, एमआरटीची गाडी चुकेल."

"तुझं नंतर कधी उजाडणार?" ते हसले. संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा ते गेलेले होते.

तेराव्यानंतर ऑफिसात बसून ती जगभरच्या प्रकल्पांच्या कोडमध्ये बाबांचं नाव शोधू लागली. कुठेच सापडेना. त्यांचं काम कुणी पुसून तर टाकलं नसेल? मग आठवलं, बाबा नाव कधी घालतच नसत. अवघड अक्षरं तपासायला मात्र ते नेहमी एकच वाक्य वापरायचे, घरभर पुटपुटायचे. तिने ते टाइप केलं.

'ऋताने श्रीखंड चाटूनपुसून संपवलं.'

पडदा भरून गेला. अनोळखी माणसांनी ते वाक्य आपापल्या चाचण्यांत, माहितीपानांत जसंच्या तसं उचललं होतं.

शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी वरुण बघत होता. तरी ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, दाखव ना."