सतरावा नमुना

तिने तुटक्या रॉडचा तुकडा चिमट्यात धरून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. काल तो एका शिक्षिकेच्या मांडीतून काढला होता. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या आणि उभ्याउभ्याच कोसळल्या, असं सर्जननं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

तुटलेल्या भागावर एकात एक अशा बारीक रेघा होत्या, आणि सगळ्या काठावरच्या एका करड्या ठिपक्यापासून निघाल्या होत्या. न वितळलेल्या धातूचा कण. हा ठिपका तिने आधी पाहिला होता.

गरिबाला परवडेल असा रॉड करायचा म्हणून पाच वर्षं तिने जिवाचं रान केलं होतं. महागडे धातू वगळून लोखंड आणि मँगनीज घातलं. मिश्रधातू तीनदा वितळवायचा, तो दोनदाच वितळवला. चाचणीत साठातले एकोणसाठ नमुने दाबाचे लाखो फेरे सोसून टिकले. सतरावा तेवढा दुसऱ्याच दिवशी तुटला. तिने तो ठिपका पाहिला, तरी वहीत 'जबडा नीट आवळला नव्हता' असं लिहून नमुना मोजणीतून काढून टाकला. नमुना पकडणारा मशीनचा जबडा कधीमधी सैल राहतो, हे खरंच होतं. म्हणूनच कुणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून तो सतरावा तिच्या मानगुटीवर बसला होता. जेवताना घास हातात राहायचा आणि ठिपका डोळ्यांपुढे यायचा. शेजारच्या खोलीत मशीन ठक् ठक् दाब देत राही, आणि तिला वाटे, कुणीतरी पाय ओढत आपल्याचकडे येतंय.

तेवीस जणांना रॉड बसवला होता. त्या शिक्षिका वगळल्या, तर बावीस उरले. त्यातला पहिला तिचा थोरला भाऊ. अपघातात मांडी मोडली, तेव्हा 'माझ्या बहिणीचाच रॉड घाला' म्हणून तो हटून बसला होता.

दार ढकलून तोच आत आला. काठी काखेत मारलेली.

"तीन जिने! काठी न टेकता! आता बोल!"

"दादा, बस."

"बसायला आलोय होय? चालून दाखवायला आलोय."

"खाली बस म्हणते ना!"

तिचा आवाज फाटला. तो निमूटपणे बसला. मग तिने सगळं सांगितलं; बाई, ठिपका, वहीतलं वाक्य. काहीच मऊ करून सांगितलं नाही. रडूही आवरलं नाही.

त्याने मांडीवर हात ठेवला.

"म्हणजे तो आवाज त्याचाच," तो म्हणाला.

"कसला आवाज?"

"जिना चढताना आत टक् होतं. महिना झाला असेल."

"महिना? आणि बोलला नाहीस?"

"तुझं एवढं नाव होत होतं, गं. म्हटलं, उगाच कशाला तुझ्या कामात खोडा घालू?"

तिने दुसरी खुर्ची ओढली, त्याचा पाय दोन्ही हातांनी अलगद उचलून त्या खुर्चीवर ठेवला आणि सर्जनला फोन लावला.

"डॉक्टर, बावीसही जणांना आजच बोलवून घ्या. कुणालाही पायावर भार देऊ देऊ नका," ती म्हणाली. "पहिला इथेच बसलाय."