जपानी टेप आणि जुनी लँडमास्टर

देवमनच्या धाकट्या पोरीचं, विजयमालाचं, नाव ठेवून सतरा दिवस झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. साल १९७८, वैशाख चालू होता. भर बाराच्या उन्हात देवमन दौलतरावांच्या लँडमास्टर गाडीत उताणा पडला होता. डोकं डॅशबोर्डखाली, पाय दारातून बाहेर आणि पाठीखाली पोतं. सीटवर नवरानवरीसाठी पांढरी खोळ चढवली होती. तिच्यावर टेकायचं नाही, हे त्याला आल्या आल्याच सांगून झालं होतं.

"किती वेळ हाय बे अजून?" बाहेरून जगदेवनं विचारलं.

"पत्रा झाला दादा. आता तारा."

"सकाळपासून तारा तारा करून राह्यला तू. उद्या सकाळी वरात निघन मानोऱ्याले, तवापर्यंत तरी होते का नाही?"

जगदेव म्हणजे दौलतरावांचा मुलगा आणि उद्याचा नवरदेव. दौलतराव जाऊन सहा वर्षं झाली होती, पण गाडीला सगळे अजून दौलतरावांचीच गाडी म्हणत. लग्नाच्या खरेदीला मुंबईला गेला तेव्हा जगदेवनं गाडीत बसवायचा जपानी टेप आणला होता. चपटा, काळा, चकचकीत; कॅसेट तोंडाशी नेली की आपोआप गिळणारा. तो आला तेव्हा वाड्यात सगळ्यांनी हात लावून पाहिला. फक्त तो बसवायचा कुठं, हे कुणाला सुचलं नाही. गाडी झाली तेव्हा असल्या वस्तूचा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे तिच्या डॅशबोर्डात त्याच्यासाठी जागाच नव्हती.

जागा देवमननं केली. खडूनं आखून हातड्रिलनं भोकाला भोक लावत गेला, मग छिन्नीनं मधला तुकडा पाडला आणि दोन तास कानसीनं कडा घासल्या. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे खडबडीत रस्त्यावर पत्रा टेपाला खाणार नाही. ते काम अवघड नव्हतं. अवघड ते आता पुढं होतं.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत देवमन कारंज्याला बाबूलाल मिस्त्रीच्या हाताखाली होता. अकरा वर्षं. बॅटरी, डायनॅमो, तारांचं सगळं काम तो तिथंच शिकला. मग कामरगावच्या स्टँडजवळ पत्र्याचं शेड टाकून स्वतःचं दुकान काढलं. बाबूलालला ते लागलं. "माह्याच हातानं शिकला अन् माह्याच रस्त्यावर बसला," असं तो चारचौघांत म्हणाला आणि बोलणं बंद केलं. या भागात मोटारी पाच-सहा, जीपा थोड्या, बाकी ट्रॅक्टर. गाड्यांचे मालक एकमेकांना विचारूनच मिस्त्री ठरवत. हा टेप जळाला तर त्यातला एकही मालक कामरगावच्या शेडपुढं थांबणार नव्हता, हे देवमनला ठाऊक होतं. सकाळी निघताना बायको लिलाबाई पोरीला मांडीवर घेऊन एवढंच म्हणाली होती, "सांभाळून करजा. त्याईची वस्तू हाय थे."

जगदेवनं टेपासोबत आलेला कागद उघडला. तो अमरावतीला कॉलेजात शिकलेला होता. देवमन दोन यत्ता शिकला होता, त्याही अर्ध्या.

"हे पाह्य, लिवलं हाय इथं. काळी तार बॉडीले, लाल तार लाइनले. लाव."

देवमन सरपटत बाहेर आला, उठून उभा राहिला. "दादा, या गाडीले काळी तार बॉडीले लावता येत नाही."

"काहून?"

"हिचं प्लस बॉडीले हाय."

गोष्ट साधी होती. आताच्या गाड्यांत बॅटरीचं मायनस गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. ही जुन्या विलायती घडणीची, हिच्यात नेमकं उलटं. कागदाप्रमाणे तारा लावल्या तर टेपात वीज उलटी शिरणार, आणि चुटकी वाजायच्या आत तो आतून जळणार.

जगदेव हसला. "कंपनीनं लिवलं थे खोटं, अन् तू सांगतं थे खरं?"

"कंपनीनं ही गाडी पाह्यली नाही ना दादा."

जगदेवला ते झोंबलं. त्यानं बॉनेट उचललं. "ये इकडे. काय दिसते? लाल हाय का नाही हे? लाल म्हणजे प्लस, हे तर पोरालेही समजते. अन् याची तार कुठं चालली? इंजनाकडे. बॉडीले काळं चाललं. आता बोल."

खरंच, इंजिनाकडं जाणाऱ्या तारेचं टोक लालभडक होतं. देवमननं बोटानं खरवडलं, नखात लाली आली.

"रंग नाही दादा. शेंदूर हाय हा. दसऱ्याचा."

सगळ्यांनी खेमाकडं पाहिलं. खेमा वीस वर्षं या गाडीचा ड्रायव्हर. टोपी काढून त्यानं डोकं पुसलं.

"म्याच लावतो," तो म्हणाला. "दरसाल. जिथून करंट निघते त्याची पूजा कराव म्हणून त्याले लावतो. दुसरं टोक त नुसतं पत्र्याले बांधेल हाय, त्याची कायची पूजा?"

बॅटरीवरची खरी खूण तेजाबानं केव्हाच खाऊन टाकली होती. ग्रीस आणि वर्षावर्षाचा शेंदूर मिळून दोन्ही टोकांवर एवढं किटण बसलं होतं, की प्लसचं जाड टोक कोणतं आणि मायनसचं बारीक कोणतं हेही दिसत नव्हतं.

"बस झालं," जगदेव म्हणाला. "जीप पाठवतो कारंजाले. बाबूलालले बोलावतो. तू तुह्या पिशवीत सामान भर."

मांडव घालणारे हात थांबवून पाहू लागले. आता पिशवी उचलून गेलं तर मालकाच्या गाडीला भोक पाडून पळाला, एवढंच गावात उरलं असतं.

"बोलवा दादा," तो म्हणाला. "पण जीप येईपर्यंत मले एक आलू द्या."

"काय?"

"आलू."

मांडवाच्या टोकाला मनकर्णाबाई आचारीण बायका घेऊन बसली होती, समोर बटाट्यांचा ढीग. ती तिथूनच ओरडली, "काहून रे, मोटारीले भाजी खाऊ घालतं का? मंग वांगंही ने संगं!" बायका खिदळल्या. पण तिनं एक मोठा बटाटा निवडून फेकला.

देवमननं तो मधून कापला. खेमाकडून त्याची तीन सेलांची हातातली बॅटरी, टॉर्च, मागून घेतली, सेल बाहेर काढले, लग्नाच्या एका पत्रिकेत एकापुढं एक गुंडाळले. दोन्ही टोकांना तांब्याच्या तारा धरल्या आणि तारांची दुसरी टोकं बटाट्यात बोटभर अंतरानं खुपसली.

"दादा, सेलाच्या टोपीकडून प्लस, हे त मानता?"

"मानतो. मंग?"

"टोपीकडली तार पाहत राहा. तिच्याभोवती आलू हिरवा होईल."

एक मिनिट गेलं. बटाटा पांढराच्या पांढरा. गुंडाळीची दोन्ही टोकं दाबून धरताना देवमनच्या अंगठ्यांना घाम सुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "देवमन्या, पाणी घाल, मंग उगवन." पुन्हा हसू. सेल जुने तर नसतील ना? खेमा रोज रात्री बैलांकडं जाताना बॅटरी लावायचा. देवमननं वर पाहिलं नाही. बाबूलालनं हे त्याला दाखवलं होतं तेव्हा मोठ्या बॅटरीवर दाखवलं होतं, सेलांवर नाही.

खेमा वाकला. "पाह्यजा बरं," तो हळूच म्हणाला. "काही दिसते काय?"

टोपीकडच्या तारेच्या बुडाशी एक हिरवट कडं धरलं होतं. मुगाच्या दाण्याएवढं. दुसऱ्या तारेपाशी नुसता फेस.

जीप काढायला निघालेल्याला जगदेवनं हातानं थांबवलं. देवमननं बटाट्याचा दुसरा अर्धा घेतला, गाडीशी गेला. एक तार गाडीच्या अंगाला लावली, एक त्या शेंदराच्या टोकाला, आणि बटाटा जगदेवच्याच हातात दिला.

"तुमीच धरा."

या वेळी वाट पाहावी लागली नाही. गाडीच्या अंगाकडून आलेल्या तारेभोवती हिरवं पसरलं, ठळक. शेंदराच्या तारेपाशी बुडबुडे निघू लागले.

जगदेवनं बटाटा खाली टाकला. मग त्याचा राग वळला तो खेमावर. "वीस वर्षं गाडी हाकलून राह्यला तू, अन् प्लस कोणतं थे माहीत नाही? तुह्या पूजेपायी जळला असता ना टेप!"

खेमा वयानं साठीला आलेला. तो खाली पाहू लागला.

"शेंदरानं काही बिघडलं नाही दादा," देवमन मध्येच म्हणाला. "मिस्त्रीनं शेंदूर पाहून तार लावूच नाही. वीस वर्षं गाडी रस्त्यात उभी राह्यली नाही, थे या खेमाकाकानंच सांभाळलं."

खेमानं मान वर केली नाही, पण टोपी डोक्यावर घातली.

"मंग टेप बसत नाही म्हण," जगदेव म्हणाला. आता आवाज पडला होता. उद्या मानोऱ्यात सासरच्या दारात सनई वाजवत गाडी न्यायची, हे त्यानं मनात महिनाभर पाहिलं होतं.

"बसते. सारी गाडी उलटवा लागन. बॅटरी फिरवाची, चार्जिंगच्या काट्याच्या तारा फिरवाच्या, डायनॅमोले झटका देवाचा."

"तुले जमते?"

देवमननं बाबूलालला हे दोनदा करताना पाहिलं होतं. स्वतःच्या हातानं एकदाही केलं नव्हतं. झटका कमी पडला तर डायनॅमो जुन्याच चालीनं चालणार, बॅटरी भरणार नाही आणि वरात मानोऱ्याच्या रस्त्यात उभी राहणार. जास्त झाला तर डायनॅमो जळणार. मग टेप राहिला बाजूला, गाडीच गेली.

"जमते," तो म्हणाला.

त्यानं बॅटरी सोडवली, टोकं घासून लख्ख केली. फिरवून ठेवल्यावर जाड टोकाची पकड बारीक टोकावर ढिली पडली, तिच्यात शिशाची पट्टी ठोकली. काट्याच्या तारा बदलल्या, कॉइलच्या बदलल्या. मग बॅटरीवरून एक तार घेऊन तो झटका द्यायला डायनॅमोशी वाकला. मनकर्णाबाईही विळी सोडून उठून आली होती.

तार टेकली आणि उचलली. निळी ठिणगी उडाली, तेवढीच.

"खेमाकाका, चालू करा."

इंजिन पहिल्याच दमात लागलं. देवमन दारातून वाकून काट्याकडं पाहू लागला. काटा मधोमध. हलेना.

"रेस करा थोडं."

काटा थरथरला, घसरला मागं.

"अजून."

इंजिन घुमलं. काटा थांबला, आणि सावकाश, रांगत्या पोरासारखा, पुढं भरतीच्या बाजूला सरकला. तिथंच टिकला.

मग टेप बसवायला अर्धा तास पुरला. काळी तार बॉडीला, लाल तार लाइनला, कागदात लिहिलं होतं तशी. जगदेवनं कॅसेट सारली. सनई अशी निघाली, की मांडवातली पोरं गाडीकडं पळत आली.

संध्याकाळी पाहुणे उतरू लागले. देवमन हौदाच्या कडेला हातांचं ग्रीस काढत होता. जगदेवचे मामा रामराव गाडीत डोकावून म्हणाले, "वा! कंपनीतूनच आली वाटते. कोणी बसवला गा?"

जगदेव थांबला. दुपारचा बटाटा त्याला आठवला असेल, नसेल.

"कारंजाच्या बाबूलालनं," तो म्हणाला.

खेमा तिथंच फडक्यानं काच पुसत होता. त्याचा हात थांबला. त्यानं हौदाकडं पाहिलं. देवमननं साबण खाली ठेवला, हात झटकले आणि पिशवी उचलली.

घरी लिलाबाईनं विचारलं, "झालं काय?"

"वाजला."

"मंग? काय म्हणले?"

"काय म्हणतीन? वाजला त वाजला."

त्यानंतरचे दहा-बारा दिवस शेडपुढं सायकलीशिवाय काही थांबलं नाही. रामरावांची जीप दोनदा धूळ उडवत कारंज्याकडं गेली. देवमन खाटेवर बसून ती जाताना पाहायचा.

मग एके दिवशी लँडमास्टर स्टँडवर येऊन उभी राहिली. गाडीत एकटा खेमा. उतरून तो बाकड्यावर बसला, तंबाखू मळली.

"काल कारंजाले गेलतो," तो म्हणाला. "जगदेवभाऊ, रामराव, अजून दोन मालक. समद्याईले टेप बसवाचे हाये आता. बाबूलालच्या दुकानात जाऊन म्हणतेत, जगदेवले करून देला तसंच आमाले पायजे."

देवमननं हातातला पाना खाली ठेवला.

"बाबूलाल बाहेर आला. त्याले आता धड दिसत नाही, मालूम हाय तुले? या गाडीत हात घालून बोटानं पत्र्याची कड पाह्यली त्यानं. सारी फिरून पाह्यली. ट्यूबची पट्टी चाचपली. मंग बॉनेट उघडाले लावलं, बॅटरीची टोकं चाचपली. शिशाची पट्टी हाताले लागली तशी हसला."

"काय म्हणे?"

"म्हणे, हे माह्यं नाही. म्या असतो त एवढी कड घासली नसती, कंटाळलो असतो. अन् माह्ये डोळे जाऊन दोन महिने झाले, म्या कोठून करतो? हे देवमनचं काम हाय, कामरगावचा. म्हणे, त्याच्याकडे जा, मले नका विचारू. भर बाजारात, देवमन. जगदेवभाऊचं तोंड पाहाले पायजे होतं."

थुंकून येऊन तो पुन्हा बसला. "म्या आलूचं सांगलं, मंग उभ्या उभ्याच म्हणे मले, त्याले म्हणा, आलू कापला तवा उस्ताद आठवला का नाही."

देवमन त्याच आठवड्यात कारंज्याला गेला. बाबूलाल दुकानाच्या ओट्यावर स्टूल टाकून बसला होता. पावलांवरूनच त्यानं ओळखलं. मांडीवरच्या डायनॅमोकडं हात दाखवून म्हणाला, "आला काय? बस. याचा ब्रश घाल, मले दिसत नाही." देवमननं ब्रश घातला. तेव्हापासून दर सोमवारी शेड बंद ठेवून तो कारंज्याला जाऊ लागला, आणि कामरगावला बाकीचे दिवस काम पुरेनासं झालं.

बाबूलाल मिस्त्री १९७९ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी वारला. देवमन मातीला गेला. त्या दिवशी जगदेव बायकोला घेऊन कामरगावच्या स्टँडवर गाडीच्या कामासाठी शेडपुढं दोन तास थांबला होता. देवमन एसटीतून उतरला तेव्हा ऊन उतरलं होतं. कुठं गेला होतास, असं जगदेवनं विचारलं नाही. तो गाडीतून उतरून उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "हा देवमन मिस्त्री. आपल्या वरातीतला टेप यानंच बसवला."