अडलेलं गाऱ्हाणं

“म्हाराजा, माझो झील देशासाठी निघालो हा. त्येच्या हातून चांगलाच घडू दे रे म्हाराजा!”

देवाला गाऱ्हाणं घालतानाचा कुंडलिक परबांचा तो आवाज मुलुंडच्या डोंगराला धडकून माघारी आला होता. आम्हा शेजाऱ्यांच्या “व्हय म्हाराजा”त सगळ्यात ठणठणीत व्हय खुद्द लवूचा होता, पलटणीत निघालेल्या त्यांच्या थोरल्या मुलाचा.

लवू श्रीलंकेच्या लढाईतून परतला तो एक ट्रंक आणि मुकेपण घेऊन. डोंगरउतारावर परबांचे लाल माठाचे वाफे. लवू तिथं खणायचा, पण आधी काठीनं माती टोचून बघायचा आणि मगच कुदळ उचलायचा.

“माती काय चावता तुका?” धाकटा धाकू हसायचा.

“चावता,” एवढंच बोलून लवू खाली वाकायचा.

आज धाकू भरतीला निघाला. कुंडलिकांनी अंगणात केळीच्या पानावर नारळ ठेवला, आम्ही भोवती जमलो. आमची रीत अशी, की घरातला एक जरी व्हय म्हणाला नाही, तर नारळ फोडायचा नाही.

“म्हाराजा, थोरल्यान नाव काढल्यान. तसाच धाकट्याच्या हातून घडू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लवूचे ओठ मिटलेलेच. कुंडलिकांचा उचललेला कोयता नारळ न फोडताच खाली आला.

“लवू, व्हय म्हण.”

“नाय.”

“मेल्या, भावाच्या वाटेत आडवो पडतंस?” शेजारची सोनूबाई करवादली.

धाकूचा चेहरा उतरला. “दादा, तू मिरवलंस. माझी पाळी इली तर पोटात दुखता?”

लवू उकिडवा बसला. दवानं भिजलेली माती त्यानं मुठीत घेतली.

“बाबा, तुमी देवाक सांगतास, तसाच घडू दे. कसा घडला ता तरी आयका. थयची मातीय अशीच, तांबडी, खाली सुरुंग पेरलेली. आमी उतरलो तेव्हा एका म्हातारीन माझ्या गळ्यात जास्वंदीची माळ घातल्यान. माका वाटला, मी देवच. दोन म्हयने सरता सरता त्याच आळीत लढाई पेटली. दाराआड कायतरी हलला. मी गोळी घातलंय.”

मूठ सैल झाली. माती पानावर सांडली.

“आत तिचो झील होतो. हातात पाण्याचो तांब्यो. म्हातारी रडाक नाय, बाबा. माझ्या गळ्याकडे बघीत रवली.”